शस्त्र आणि साक्ष

नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रांट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका लिहिली, त्यास आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली. इंग्रजी राज्य ऐन भरात असताना एका तरुण विद्यार्थ्याने त्याच राज्याच्या एका माजी अधिकाऱ्याच्या ग्रंथातील दोष उघडपणे दाखवावे, ही गोष्ट लहान नव्हती. पुढे राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ केला, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि जुन्या कागदाकडे कसे पाहावे याची एक शिस्तच महाराष्ट्रात निर्माण झाली. कागद अस्सल की नक्कल, शिक्का कोणाचा, हस्ताक्षर कोणाचे, तिथी आणि वार जुळतात की नाही, कागद कोणाच्या दप्तरातून निघाला, हे प्रश्न विचारल्यावाचून आमचा संशोधक एक पाऊलही पुढे टाकीत नसे. बखरीतील मजकूर कितीही गोड असला तरी अस्सल पत्रापुढे त्याने हार खावी, हे तत्त्व आता शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे.

परंतु ही दक्षता कागदापाशी येऊन थांबली, असे खेदाने म्हणावे लागते. तलवार, कट्यार, ढाल, पदक, वाघनख अशी वस्तू समोर आली की आमच्यातील संशोधक हळूच बाजूस होतो आणि भक्त पुढे येतो. कागदाला जी कसोटी लावावयाची ती लोखंडाला का लावू नये? लोखंड आणि चांदी यांवरही माणसांनी अक्षरे कोरलेली असतात. ती अक्षरे कोणी तरी, कोणत्या तरी वेळी, कोणासाठी तरी कोरली. आणि जेथे अक्षरे आहेत तेथे टीकाकाराला काम आहे. प्रस्तुत लेखात असे तीन लहान लेख वाचकांपुढे ठेवावयाचे आहेत. एक पेटीवरचा, दुसरा तलवारीच्या पाठीवरचा आणि तिसरा पदकाच्या कडेवरचा. तिन्ही मिळून छापले तर अर्धे पानही भरणार नाही. परंतु युद्धकालीन वस्तूंचा संग्रह आणि त्यांचे संशोधन या दोन गोष्टींत काय अंतर आहे, हे त्यांवरून जितके स्पष्ट होते तितके मोठ्या ग्रंथांवरूनही होत नाही.

१

पहिला लेख पेटीवरचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असलेले वाघनख जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या उसनवारीवर महाराष्ट्रात आले आणि प्रथम साताऱ्यास ठेवले गेले. त्या वेळी झालेली गर्दी, मिरवणुकीचा थाट आणि वृत्तपत्रांतील मथळे वाचकांस आठवत असतीलच. ज्या पेटीत हे शस्त्र ठेवलेले होते तिच्यावर इंग्रजीत काही ओळी आहेत. त्यांचा आशय असा: हे शिवाजीचे वाघनख असून याने त्याने मोगल सेनापतीस मारले, ही स्मरणवस्तू ईडनचे जेम्स ग्रांट डफ यांना, ते साताऱ्यास रेसिडेंट असताना, मराठ्यांच्या पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने दिली.

या चार ओळी एखाद्या जुन्या कागदावर असत्या तर आमच्या संशोधकाने त्यांचे काय केले असते, याची कल्पना करावी. पहिल्याच वाक्यापाशी तो थांबला असता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवछत्रपतींच्या हातून मारला गेला तो अफझलखान मोगलांचा सेनापती नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. ही चूक केवळ एका शब्दाची म्हणून सोडून देता येत नाही. ज्याला हा भेद ठाऊक नाही त्याला त्या प्रसंगाची पहिली ओळखही नाही, असेच म्हटले पाहिजे.

आता या चुकीचा अर्थ काय लावावयाचा? ग्रांट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात अफझलखान विजापूरचा म्हणूनच वर्णिलेला आहे. त्याच्या ग्रंथात इतर दोष असतील, हा नाही. तेव्हा ग्रंथकाराने जी गोष्ट पक्की ओळखली होती तीच त्याच्या घरच्या पेटीवर चुकावी, याचा सरळ अर्थ असा की, पेटीवरचा मजकूर त्याने स्वतः रचलेला नसावा. निदान त्याच्या नजरेखालून तो गेलेला नसावा. लेखातील दुसरी एक खूण याच अनुमानास बळकटी देते. साताऱ्यास असताना हा गृहस्थ कॅप्टन जेम्स ग्रांट या नावाने वावरत असे. स्कॉटलंडमधील ईडनची मालमत्ता आणि तिच्याबरोबर ‘डफ’ हे उपनाव त्याच्याकडे आले ते स्वदेशी परतल्यानंतर. ‘ईडनचे ग्रांट डफ’ आणि ‘ते रेसिडेंट असताना’ ही दोन्ही वाक्ये मागे वळून पाहणाऱ्या माणसाची आहेत. लेख देणगीच्या प्रसंगी लिहिलेला नाही. तो देणगीनंतर, समुद्रापलीकडे, कौटुंबिक आठवणीवरून लिहिलेला आहे.

तिसरी गोष्ट ‘पेशव्यांच्या मुख्य प्रधाना’ची. पेशवा हाच छत्रपतींचा मुख्य प्रधान. त्याच्या शिक्क्यातच ती दोन अक्षरे असत. प्रधानाचा प्रधान म्हणजे कोण, हे पेटी सांगत नाही. शिवाय काळ पाहावा. १८१८ च्या एप्रिलात प्रतापसिंह महाराजांची साताऱ्यास स्थापना झाली, आणि त्याच वर्षी ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन होऊन पुढे ब्रह्मावर्तास गेला. ग्रांट साताऱ्यास १८२२ पर्यंत होता. म्हणजे त्याच्या कारकीर्दीचा जवळजवळ सगळा काळ असा आहे की, त्या वेळी पेशवाईच उरली नव्हती. अशा काळात पेशव्यांकडील कोणा कारभाऱ्याने छत्रपतींच्या घराण्यातील अमोल शस्त्र कोठून आणले आणि कोणत्या अधिकाराने दिले? असे घडलेच नसेल, असे आम्ही म्हणत नाही. उलथापालथीच्या दिवसांत वस्तूंनी याहूनही चमत्कारिक वाटा धरल्या आहेत. परंतु घडले असे म्हणणाऱ्याने एखादा कागद दाखविला पाहिजे, आणि पेटी हा तो कागद नव्हे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख न्यायबुद्धीने केला पाहिजे. लंडनच्या त्या संग्रहालयाने हे शस्त्र शिवछत्रपतींनीच वापरलेले आहे असा दावा केलेला नाही; तशी खात्री करून देता येत नाही, असे त्याने आपल्या नोंदीत स्पष्ट म्हटले आहे. आमच्याकडेही काही अभ्यासकांनी हाच मुद्दा त्या वेळी मांडला. पण त्यांचा आवाज नगाऱ्यापुढे टिमकीसारखा झाला, आणि ज्यांनी शंका काढली त्यांच्या इतिहासप्रेमावरच काहींनी शंका घेतली. ज्या समाजात कीर्तने आणि राजवाडे होऊन गेले त्या समाजाला हे शोभत नाही.

‘खोटे’ आणि ‘असिद्ध’ हे दोन शब्द एक नव्हेत, हे येथे लक्षात ठेवावे. वरील विवेचनावरून वाघनख खोटे ठरत नाही. ते केवळ असिद्ध राहते. आणि असिद्ध म्हणणे हा कोणाचाही अपमान नाही. उलट, ‘परंपरेने शिवछत्रपतींचे मानलेले’ अशी प्रामाणिक चिठ्ठी लावून ठेवलेल्या वस्तूपुढे हात जोडणाऱ्या माणसाची भक्ती काही उणी होत नाही. स्मरणासाठी ठेवलेली वस्तू आणि साक्षीसाठी आणलेली वस्तू यांचे धर्म निराळे आहेत. स्मरणवस्तूला श्रद्धा पुरते. साक्षीदाराला मात्र उलट तपासणी सोसावी लागते.

२

दुसरा लेख तलवारीच्या पाठीवरचा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांची म्हणून एक तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र सरकारने ती मध्यस्थामार्फत घेतली. सर्व खर्च धरून ४७ लक्ष १५ हजार रुपये पडले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ती मुंबईस आली. लिलावात गेलेली मराठी इतिहासाची वस्तू सरकारने स्वतः बोली लावून परत आणावी, हा प्रसंग अभिनंदनीय होता यात शंका नाही. जी वस्तू एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात कायमची लुप्त व्हावयाची ती सर्वांच्या दृष्टीस पडावयाची झाली.

या तलवारीचे पाते सरळ व एकधारी असून युरोपात घडलेले आहे. मुठीवर सोन्याचे काम आहे. आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघोजी भोसले यांचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द आहे. पेटीवरच्या लेखाशी ताडून पाहता हा लेख किती वरच्या पायरीचा आहे पाहा. तो वस्तूपासून वेगळा करता येत नाही. तो वस्तूच्या मालकाच्या भाषेत आहे. त्यात कोणाला मारले, कोणी दिली, असल्या कथा नाहीत. नाव, हुद्दा आणि वस्तूचा प्रकार एवढेच आहे. शिलेखान्यातील कारकुनाने यादीत लिहावे तसा तो कोरडा आहे, आणि म्हणूनच विश्वासार्ह वाटतो. खऱ्या दप्तरी लेखाला सहसा अलंकार नसतात.

शेवटचा ‘फिरंग’ हा शब्द तर विशेष मननीय आहे. युरोपातून जहाजांनी येणारी पाती आमच्या सरदारांना फार प्रिय असत. पाते परदेशी, मूठ देशी, असा हा संसार होता, आणि फिरंग्यांकडचे म्हणून त्या जातीच्या तलवारीला फिरंग हे नाव पडले. ज्याने हा शब्द कोरविला त्याला परदेशी पात्याची लाज नव्हती, अभिमान होता. शुद्ध स्वदेशी पराक्रमाचे प्रतीक म्हणून आज जिचे स्वागत झाले तिने स्वतःच आपल्या पाठीवर आपले परदेशी माहेर सांगून ठेवले आहे. यात कमीपणा कसला? बाजारातील उत्तम पोलाद ओळखून ते आपल्या मुठीत बसवणे हीही सेनापतीची बुद्धीच होय.

परंतु येथेही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हे रघुजी कोणते? तलवार आली तेव्हा जाहीर झाले की ती पहिल्या रघुजींची, म्हणजे बंगाल आणि ओरिसापर्यंत मराठ्यांचा दरारा बसविणाऱ्या आणि १७५५ मध्ये निवर्तलेल्या सेनापतींची. तसे असणे सर्वस्वी शक्य आहे. तथापि ‘सेनासाहेब सुभा’ ही शाहू महाराजांनी दिलेली पदवी त्या घराण्यात वंशपरंपरेने चालली. त्याच घराण्यात दुसरे रघुजी झाले, ज्यांच्या कारकीर्दीत १८०३ ची असई आणि अडगाव ही युद्धे होऊन देवगावचा तह झाला, आणि जे १८१६ मध्ये वारले. हेही रघुजी भोसले आणि सेनासाहेब सुभाच होते. पुढे तिसरे रघुजी झाले, ज्यांच्या १८५३ मधील मृत्यूनंतर संस्थान खालसा झाले. तेव्हा नाव आणि पदवी एवढ्याच आधारावर लेख आपणास घराण्याच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत कोणत्या दालनात जावयाचे ते सांगत नाही. ते ठरविण्यास अक्षरवळण, सोनेकामाची पद्धत, मुठीची घडण आणि काळ निश्चित असलेल्या इतर शस्त्रांशी तुलना, ही साधने आहेत. त्यांच्या आधाराने पहिल्या रघुजींचे नाव निश्चित झाले असेल तर तो आधार चिठ्ठीवर चार ओळींत लिहावा. म्हणजे पाहणाऱ्याला निर्णयाबरोबर निर्णयाची रीतही कळेल.

दुसरा प्रश्न तलवार विलायतेस गेली कशी हा. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीची लढाई आणि त्यानंतरची लूट, हे उत्तर सर्वांच्या तोंडी आहे. पण नागपूरच्या वाड्यातील वस्तू बाहेर पडण्याचा तो एकच प्रसंग नव्हता. संस्थान खालसा झाल्यावर राजवाड्यातील जवाहीर कलकत्त्यास पाठवून विकण्यात आले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. याखेरीज तह, नजराणे आणि भेटी होत्याच. लुटीतून गेलेली वस्तू, लिलावातून गेलेली वस्तू आणि नजर केलेली वस्तू, यांची मोल देऊन केलेली परतफेड बाहेरून सारखीच दिसली तरी तिन्हींचा नैतिक अर्थ एक नाही. लूट म्हणावयाची असेल तर तसे म्हणण्याइतका पुरावा गोळा करावा. कारण खरी लूट इतकी मोठी झालेली आहे की तिला तर्काची भर घालण्याचे कारण नाही.

३

तिसरा लेख पदकाच्या कडेवरचा. आणि खरे पाहता याच्यासाठीच हा सारा प्रपंच.

इंग्रजी पदकांचा संग्रह करणाऱ्यांची एक मोठी दुनिया आहे. तिच्यात हौस आहे, पैसा आहे, फसवणूकही आहे; पण तिच्यात एक गुण असा आहे की तो आम्ही उचलण्याजोगा आहे. तेथे पदकाच्या दर्शनी बाजूपेक्षा त्याची कडा आधी पाहतात. कारण युद्धपदकांच्या कडेवर बहुधा ते ज्याला मिळाले त्याचे नाव, हुद्दा आणि पलटण असते. आणि ते नाव पदकधारकांच्या नामावलीत सापडले तरच पदकाला किंमत. कडा घासून जुने नाव काढून नवे घातले असेल तर पदकाचा व्यास किंचित कमी भरतो. अक्षरांची घडण टांकसाळीतील घडणीशी जुळत नाही. फितीवर बसविलेली लढाईच्या नावाची पट्टी मागाहून जोडली असेल तर तिचे जोडकाम वेगळे दिसते. राजवाडे कागदाच्या बाबतीत जे करीत तेच हा हौशी मनुष्य भिंगातून पदकाच्या बाबतीत करतो.

उदाहरणार्थ, ‘आर्मी ऑफ इंडिया’ या नावाचे रुपेरी पदक घ्या. ते १८५१ मध्ये मंजूर झाले. त्यावर घालावयाच्या लढायांच्या पट्ट्या एकंदर एकवीस, आणि त्यांतील कितीतरी आमच्या परिचयाच्या: असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. इंग्रजी कारकुनाच्या कानाने टिपलेली ही नावे रोमन लिपीत इतकी विद्रूप झाली आहेत की ओळखण्यास क्षणभर थांबावे लागते. गंमत अशी की, खुद्द पदकही चुकते. त्याच्या मागील बाजूस १७९९ ते १८२६ असा काळ घातला आहे. पण ज्या लढायांसाठी ते दिले त्यांतील पहिली १८०३ ची आहे. सरकारी टांकसाळीतील रूपे झाले म्हणून ते वेदवाक्य होत नाही.

हे पदक हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. पदक मंजूर झाले तेहतीस वर्षांनी. त्या दिवशी भीमेच्या काठी दिवसभर तहानेने व्याकूळ होऊन लढलेल्या मुंबई पलटणीतील तरुण शिपायांपैकी जे साठीच्या घरात जाऊन अजून जगत होते तेवढेच त्यास पात्र. बाकीच्यांचे काय? जे त्या दिवशी पडले त्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर दगडात कोरलेली आहेत, आणि ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली त्यांतील नावे आजही वाचता येतात. जे पडले नाहीत आणि १८५१ पर्यंत जगलेही नाहीत, ते ना दगडात राहिले ना चांदीत. आणि पेशव्यांच्या बाजूने जे लढले त्यांच्यासाठी पदकही नव्हते, स्तंभही नव्हता. पदक हे पराक्रमाचे माप नव्हे. ते देणाऱ्याच्या सोयीचे माप आहे, हे एवढ्यावरून कळावे.

याहून जवळचे उदाहरण पहिल्या महायुद्धाचे. आमच्या कोकणात, सातारा भागात आणि इतरत्र, कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी शिला बसविलेली आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावर मजकूर. शंभर वर्षांपूर्वी दगडावर नावे कोरणाऱ्या सरकारने या वेळी केवळ आकडे कोरले. तिकडे मेसापोटेमियात ११० वी, १०३ वी आणि ११७ वी या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे पडले आणि उपासमारीने खंगलेले हजारो शिपाई कैदेत गेले. त्या रणभूमीवर ज्यांच्या कबरीचा अथवा चितेचा ठावठिकाणा राहिला नाही त्यांच्यासाठी बसऱ्यास स्मारक झाले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या लिहिली. युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने २०२१ मध्ये अहवाल काढून अशा वागणुकीतील विषमता कबूल केली.

मग त्या शिपायाचे नाव धातूवर कोठे उरले? दोनच ठिकाणी. एक त्याच्या युद्धपदकांच्या कडेवर, आणि दुसरे, तो मेला असल्यास, वारसाकडे आलेल्या काशाच्या गोल ताटलीवर. त्या ताटलीवर हुद्दा मुद्दाम घातला नव्हता. मरणात सर्व सारखे, असा त्यामागील हेतू होता. ज्या साम्राज्याने बसऱ्याच्या भिंतीवर त्याला आकडा केले त्याच साम्राज्याच्या टांकसाळीने पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटविली. नावाचे स्पेलिंग हवे तसे आहे. आडनाव पुष्कळदा नाहीच. गणपतचा गुनपुट झाला आहे. तरी ते त्याचे आहे. गावच्या शिलेवर संख्या आहे पण नाव नाही. पदकावर नाव आहे पण गाव नाही. ही दोन अर्धी वाक्ये जोडणे, याचे नाव संशोधन.

आणि नेमके येथेच आमचा सर्वांत मोठा घात झाला आहे. महायुद्धाचे ते मुख्य पदक लढाऊ शिपायांस चांदीचे मिळाले. चांदी म्हटली की अडचणीच्या वर्षी तिची वाट ठरलेलीच. प्रस्तुत लेखकाने एका शहराच्या जुन्या बाजारात असले एक पदक काही वर्षांपूर्वी हातात घेतले होते. विक्रेत्याने ते तराजूत टाकून भाव सांगितला; कोणाचे, कोठून आले, असे विचारता ‘मोडीत आले’ एवढेच उत्तर मिळाले. कडा इतकी घासलेली होती की पलटणीचा आकडा तेवढा लागला. नावाची दोन अक्षरे उरली होती. ज्या घरातून ते आले तेथील बायकांनी दर दसऱ्याला ते राखेने आणि चिंचेने लखलखीत केले असेल. त्या प्रेमाने जे नाव जपावयाचे तेच त्या प्रेमाने पुसले गेले. पदक आम्ही घेतले नाही. आज त्याची खंत वाटते. निदान त्या दोन अक्षरांची नोंद तरी करून ठेवावयाची होती.

पंजाबात काय झाले ते पाहावे. तेथून महायुद्धास गेलेल्या सुमारे ३ लक्ष २० हजार लोकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या लोकांस पाहावयास मिळू लागल्या, आणि साता समुद्रांपलीकडे गेलेल्या कुटुंबांना आपला पणजोबा सापडू लागला. कागद नीट राहिला तर काय घडते याचा हा दाखला. मराठी मुलखात असा एकत्रित कागद हाती नसेल तर घरोघरच्या पेट्यांतील पदके हेच आमचे विखुरलेले दप्तर होय. आणि ते दप्तर आम्ही किलोच्या भावाने विकीत आहोत.

४

संग्राहक हा इतिहासाचा वैरी आहे, असे कोणी यावरून समजू नये. पारसनीसांनी साताऱ्यास जमविलेला ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात आला नसता तर कितीतरी चित्रे आणि कागद आज दिसलेच नसते. हौशी माणसाचे वेड नसते तर संग्रहालये रिकामी राहिली असती. दोष संग्रहात नाही. नोंदीवाचून केलेल्या संग्रहात आहे. भिंतीवर पन्नास तलवारी ढालीभोवती पाकळ्यांसारख्या मांडून ज्याला त्यांतील एकीचेही घर सांगता येत नाही, त्याच्याजवळ पन्नास वस्तू आहेत, संग्रह नाही. आणि पदकांचा एक जुडगा फोडून ज्याने चांदीचे एकाला व काशाचे दुसऱ्याला विकले, त्याने एका माणसाचे चरित्र फाडून त्याची पाने वाटली.

यास्तव वस्तूजवळ एक वही असावी. वस्तू कोणाकडून, कोणत्या दिवशी, कोणत्या गावी मिळाली. देणाऱ्याने काय सांगितले, आणि त्याला ते कोणी सांगितले. वस्तूवरील अक्षरे जशीच्या तशी, चुकांसह. काय निश्चित आहे, काय परंपरेने मानले जाते आणि काय केवळ तर्क आहे, हे तीन निराळ्या रकान्यांत. पेटीवरचा तो इंग्रजी लेख लिहिणाऱ्याजवळ असे तीन रकाने असते तर आज आमच्यात निम्मे वाद झाले नसते. सरकारनेही हेच पथ्य पाळावे. ४७ लक्षांची तलवार आणणे योग्यच. पण तितक्याच आस्थेने तालुक्या-तालुक्यांतील माजी सैनिकांच्या घरी जाऊन पदकांच्या कडा वाचणारे दोन-चार तरुण नेमले तर त्यास तलवारीच्या विम्याइतकाही खर्च येणार नाही. राजाचे शस्त्र घरी आणताना शिपायाचे नाव घराबाहेर जाऊ देऊ नये.

या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोळी किंवा मूळ गावी एखादी लोखंडी ट्रंक असेल. पुढच्या सुटीत ती उघडावी. पदक निघाले तर घासू नये. मऊ फडक्याने धूळ तेवढी पुसावी, खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरावे आणि कडेवरची अक्षरे एका कागदावर उतरून घ्यावी. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला ते कोणाचे म्हणून विचारावे, आणि ते जे सांगतील ते त्याच कागदावर, त्यांच्या नावासह व तारखेसह लिहून ठेवावे. नंतर गावच्या चावडीवर जाऊन शिलेवरचा आकडा पाहावा. त्या आकड्यातील एक तरी माणूस अशा रीतीने नावासह घरी परत आला तर या लेखाचे चीज झाले, असे आम्ही समजू.